दुसरी आग

“आधी बोट दे,” प्रिस्का म्हणाली.

एलिसेओ अर्मीहोनं नाकातली नळी काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली होती आणि तो मागच्या दाराकडे निघाला होता. बायकोचा आवाज आला तसा तो थांबला आणि छडी खाणाऱ्या पोरासारखा त्यानं हात पुढे केला. तिनं बोटाला चिमटा लावला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा थोडा वेळ खालीवर नाचला आणि एक्याण्णववर येऊन थांबला.

“पंचाऐंशीच्या खाली गेलास तर कॉलर धरून बाहेर काढीन,” ती म्हणाली. “मग काच फुटो नाहीतर तू फूट.”

“काच नको फुटायला. मी फुटलो तर तू झाडून घेशीलच.”

“घेईन ना. बावन्न वर्षं तेच तर करतेय.”

ऑक्सिजनचं यंत्र स्वयंपाकघरात घुरघुरत होतं. तिनं ते बंद केलं. एलिसेओचं दुकान अंगणापलीकडे होतं, वीस पावलांवर. त्या वीस पावलांच्या अलीकडे हवा आणि पलीकडे आग, अशी डॉक्टरांनी वाटणीच करून दिली होती. ऑक्सिजन घेऊन आगीपाशी जायचं नाही. गेलात तर घरासकट उडाल. आणि एलिसेओचं पोट तर आगीवरच चाललेलं. त्यामुळे काम करायचं तर नाक मोकळं ठेवून, मिळेल तेवढ्या श्वासावर, असं दीड वर्ष चाललं होतं. खरं म्हणजे चाललं नव्हतंच. दीड वर्षात त्यानं एका न्हाव्याच्या दुकानावरची काचेची कात्री आणि एका भाच्यासाठी ‘उघडे आहे’ ही अक्षरं एवढंच वाकवलं होतं.

पूर्वी अशी गत नव्हती. अल्बुकर्कीतून जाणाऱ्या जुन्या महामार्गावरचे बाण, निवडुंग, घोडेस्वार, पोहायला उडी मारणाऱ्या बायका, निऑनचे निम्मे दिवे त्याच्या हातचे. काचेची नळी आगीवर धरायची, मऊ झाली की वाकवायची, आणि वाकताना ती चेपू नये म्हणून तोंडातल्या रबरी नळीतून आत हलकी फुंकर घालायची. हाताला आणि श्वासाला एकाच क्षणी कळावं लागतं. म्हणून या धंद्यात एक नियम आहे: ज्याचा हात, त्याचाच श्वास. दुसऱ्याच्या रबराला कोणी तोंड लावत नाही. उष्ट्याचा विटाळ म्हणून नव्हे, काम बिघडतं म्हणून.

चित्रकार लोइस हार्टविग एकतीस वर्षांपूर्वी या अंगणात आली ती एक चित्र घेऊन. तिला बाण नको होता, घोडेस्वार नको होता. गावाच्या पूर्वेला सांडिया डोंगर आहे. सूर्य मावळला की तो कलिंगडाच्या गरासारखा लाल होतो, मग विझतो, आणि मग पाच-सात मिनिटं त्याच्या माथ्यामागे एक निळं उरतं. लोइसला तेवढंच हवं होतं. डोंगर नको, आकाश नको. दोघं जिथं भेटतात ती रेघ. “हे कोण विकत घेणार बाई?” एलिसेओनं विचारलं होतं. “तो माझा प्रश्न,” ती म्हणाली होती, “निळं जमेल का सांग.”

सात काचांची ती रेघ पुढं शहरातल्या एका संग्रहालयात, एका काळोख्या खोलीत लागलेली होती. लोक त्या खोलीत जाऊन बाकावर बसायचे आणि बराच वेळ उठायचे नाहीत. यंदा भिंत रंगवताना रेघ खाली काढली आणि चौथी काच फुटली. ती निळी काच बनवणारा कारखाना वीस वर्षांपूर्वीच बंद पडला होता. सबंध देशात शोधूनही कुठं मिळाली नाही. मिळाली ती एलिसेओच्या पलंगाखाली, जुन्या घोंगडीत गुंडाळलेली. चार फुटांची एकच दांडी.

संग्रहालयाचा कॉलिन नावाचा गृहस्थ काल येऊन खाका देऊन गेला होता. पस्तीशीचा, नीटनेटका, बोलताना सारखी मान डोलावणारा. जाताना त्यानं सरळ सांगितलं होतं, “चौथी काच झाली तर रेघ सप्टेंबरात पुन्हा लागेल. नाही झाली तर तळघरात. पुढं काही उपाय निघेपर्यंत.”

तळघरात गेलेल्या वस्तूंना उपाय निघत नसतो, हे एलिसेओला कळत होतं आणि कॉलिनलाही कळत होतं. लोइस चौऱ्याऐंशीची होती. तिला तर कळतच होतं. आज तीन वाजता ती कॉलिनबरोबर येणार होती.

दुकानात एलिसेओनं खिडकी घट्ट लावली, दाराखाली पोतं सारलं. तापल्या काचेला वाऱ्याची झुळूक म्हणजे शत्रू. त्यानं गॅसची चावी फिरवली, ठिणगी दिली आणि लांब पट्टीतून आगीची निळसर झालर उभी राहिली. टेबलावर जाड कागद पसरलेला होता. त्यावर त्यानं कालच डोंगराची रेघ उतरवून ठेवली होती.

“ही काच म्हणजे हट्टी सासू,” तो म्हणाला. “एका जागी एकदाच तापवून घेते. दुसऱ्यांदा आग दाखवली की तोंड फिरवते, पांढरी पडते. म्हणून चुकायचं नाही.”

“कोणाला सांगतोयस? मला की स्वतःला?” प्रिस्का दारापाशी स्टुलावर बसली होती, चिमटा घेऊन. आजवर ती या दुकानात यायची ती काच थंड झाल्यावर, नळीचा जो भाग दिसायला नको त्यावर काळा रंग द्यायला. अक्षराच्या मागनं जाणाऱ्या नळ्या, वळणं, सांधे. गावातल्या निम्म्या दिव्यांवरचा उजेड नवऱ्याचा होता आणि त्यांतला अंधार तिचा, असं ती लग्नाकार्यात सांगायची आणि लोक हसायचे.

एलिसेओनं घोंगडीतून काच काढली, तिच्या एका टोकाला बूच मारलं, दुसऱ्याला रबरी नळी लावली, तिचं टोक दातांत धरलं. काच आगीत धरून तो ती फिरवू लागला. हात अजून हुकमी होते. काच मऊ झाली, लोंबायला लागली, तशी त्यानं ती उचलून कागदावरच्या रेघेवर आणली आणि फुंकलं.

फुंकलं म्हणजे फुंकायला गेला. छातीत काही नव्हतंच. वळणापाशी काच बसू लागली, उतू गेलेल्या दुधावरची साय बसते तशी. त्यानं डोळे मिटून उरलीसुरली हवा ढकलली. काच जेमतेम सावरली. त्याला खोकल्याची अशी उबळ आली की टेबलाची कड धरून तो दुमडलाच.

“सत्त्याऐंशी,” प्रिस्का म्हणाली. “चल घरी.”

“पहिलं वळण झालं.”

“किती आहेत?”

“नऊ. आणि दोन पाय.”

“नऊ!” ती म्हणाली. “एलिसेओ, तुझ्यात तीनसुद्धा नाहीत.”

तो टेबलापाशी दुसऱ्या स्टुलावर बसून राहिला, मांडीवर हात टाकून. हात होते, डोळे होते, आग होती, पन्नास वर्षांचं शहाणपण होतं. आणि एका चमच्याएवढ्या हवेवाचून सगळं अडून बसलं होतं. त्याला रडू आलं असतं, पण रडायलाही श्वास लागतो.

प्रिस्का उठली. टेबलावर लोंबणारं रबराचं टोक तिनं उचललं, ॲप्रनला पुसलं आणि तोंडात धरलं.

“थुंक ते,” एलिसेओ म्हणाला.

“का? बावन्न वर्षं तुझं उष्टं खाल्लंय. हेच काय जड आहे?”

“असं होत नसतं. ज्याचा हात—”

“ठाऊक आहे तुमचा तो नियम. नियम केला तेव्हा तुमची सगळ्यांची फुप्फुसं धड होती.” रबर दातांत असल्यानं तिचं बोलणं बोबडं येत होतं. “सांग कधी फुंकू ते.”

त्यानं मांडीवरचे हात उचलले. मग उठला.

“गरम रस्सा फुंकतेस तसं फुंकायचं,” तो म्हणाला. “केकवरच्या मेणबत्त्या विझवतेस तसं नाही. मी मान हलवली की सुरू, पुन्हा हलवली की बंद.”

दुसऱ्या वळणाला तिनं फार फुंकलं, काच किंचित फुगली. त्यानं लाकडी ठोकळ्यानं हलकेच चेपून ती सारखी केली. तिसरं बरं झालं. चौथ्यापासून मात्र काहीतरी जमून आलं. तो मान हलवायच्या आधीच ती फुंकायची, आणि बरोबर वेळेला फुंकायची. त्याचा हात कुठं निघालाय ते तिला आधीच कळत होतं. कळणारच, त्या हातानं बनवलेल्या प्रत्येक वळणाला तिनं रंग दिला होता. मधे मधे ती त्याला अंगणात हाकलत होती, बोट बघत होती, शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी, पाणी प्यायला लावत होती, आणि परत येऊन रबर तोंडात धरत होती. सातव्या वळणाला दोघंही हसले. कशाला हसले ते सांगता आलं नसतं.

आणि काम देखणं होत होतं. कागदावर सांडिया जसाच्या तसा उतरत होता. ती मोठी चढण, मग खांदा, मग दोन दाते, मग लांब उतार. एलिसेओनं एकदा खिडकीतून बाहेर डोंगराकडे बघितलं, एकदा टेबलाकडे बघितलं. हुबेहूब. शेवटी त्यानं दोन्ही टोकं तापवून वर वळवली. हे पाय. भिंतीत शिरणारे, विजेच्या तारा जोडायचे. मग त्यानं गॅस बंद केला आणि स्टुलावर बसून नुसता श्वास घेतला. घड्याळात एक वाजून गेला होता.

प्रिस्का टेबल आवरू लागली. कॉलिननं दिलेला मूळचा पातळ कागद खाली पडला होता. तिनं तो उचलला, घडी घालायला उलटा केला आणि थबकली.

“एलिसेओ, इथं कोपऱ्यात काय लिहिलंय बारीक? माझा चष्मा घरात आहे.”

त्यानं कागद घेतला. छापील बारीक अक्षरं होती: ‘कारागिराच्या सोयीसाठी खाका उलटा करूनच दिला आहे. परत उलटवू नये.’

त्यानं ते दोनदा वाचलं.

काचेचं काम पालथं करतात. लोकांना दिसणारी बाजू टेबलाकडे, पाय आपल्याकडे. म्हणून खाका आधी उलटा करून घ्यायचा, आरशात दिसतो तसा. हे कारागीर करतो. गिऱ्हाईक कधीच करत नाही. एकतीस वर्षं लोइस सरळ चित्र आणायची आणि हा खिडकीच्या काचेवर ते उलटं धरून उतरवून घ्यायचा. काल कॉलिनचा कागद हातात आला आणि हातांनी त्यांचं काम केलं. कॉलिन बिचारा कुठल्याशा पुस्तकात वाचून, या म्हाताऱ्याला तेवढाच त्रास कमी, म्हणून आधीच उलटा करून घेऊन आला होता. उलट्याचं उलटं झालं होतं.

टेबलावर डोंगर खऱ्या डोंगरासारखा दिसत होता, तिथंच त्याला कळायला हवं होतं. टेबलावर कधी काही बरोबर दिसत नसतं. बरोबर दिसलं की समजावं चुकलं. हे त्यानं स्वतः किती जणांना शिकवलं होतं.

“काय झालं?” प्रिस्कानं विचारलं.

त्यानं सांगितलं. तिनं काच बघितली, कागद बघितला.

“पलटून लाव की मग.”

“पलटली तर पाय समोर येतात, लोकांच्या तोंडावर.”

“पाय परत वळव.”

“दुसरी आग,” तो म्हणाला.

तिनं तो कागद घेऊन त्याची घडी घातली. भिंतीवर घड्याळ चालत होतं. अंगणातल्या जर्दाळूवर पाखरं भांडत होती. एलिसेओला वाटलं, चूक दुसऱ्या कोणाची असती तर बरं झालं असतं; ओरडता तरी आलं असतं. पण कॉलिननं चांगुलपणा केला होता, त्यानं स्वतः सवयीनं केलं होतं, आणि प्रिस्कानं आपला जीव फुंकला होता. रागवावं असं कोणीच नव्हतं.

“लाव गॅस,” प्रिस्का म्हणाली आणि तिनं रबर उचललं.

पाय वळवायला पाव तास लागला. त्या पाव तासात तो पंचाऐंशीच्या खाली गेला, त्र्याऐंशीवर, आणि तिनं कॉलर धरली नाही. तिच्या तोंडात रबर होतं आणि तिचे डोळे काचेवर होते. काच फुटली नाही. पहिला पाय वळला, दुसरा वळला. पण दोन्ही कोपऱ्यांपाशी, जिथं दुसऱ्यांदा आग लागली, तिथं निळ्यावर पांढुरकं आलं. मोतीबिंदू येतो तसं. वीतभर एकीकडे, वीतभर दुसरीकडे. एलिसेओनं फडक्यानं पुसून बघितलं. जाणार नाही हे ठाऊक असूनही माणूस पुसतो.

तीन वाजता बाहेर गाडी थांबली. प्रिस्कानं आग विझल्याची खात्री केली, मग ऑक्सिजनची छोटी टाकी ओढत दुकानात आणली आणि नवऱ्याच्या नाकाला नळी लावली. त्यानं ती राहू दिली.

लोइस काठी टेकत आली. हाडं मोठी, केस पोरासारखे बारीक कापलेले, पायात पुरुषी बूट. मागून कॉलिन, लांब खोका घेऊन.

“मेला नाहीस अजून?” ती म्हणाली.

“तुझं काम असताना कसा मरू? उकरून काढशील.”

“झाली?”

त्यानं टेबलाकडे हात केला.

लोइसची तपासायची एक रीत होती. खिडकीपाशी खुर्ची ओढायची, काच दोन्ही तळहातांवर आडवी घ्यायची, उजेडात धरायची आणि अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. मग एकच शब्द, ‘पुन्हा’. मिलिमीटरभर खांदा उतरला, पुन्हा. वळणात सुरकुती, पुन्हा. पहिल्या वर्षी तिसरी काच तिनं अकरा वेळा करून घेतली होती, आणि अकराव्या वेळेला एलिसेओनं ती फेकून मारायची तेवढी बाकी ठेवली होती. काम पसंत पडलं तरी ती ‘छान’ म्हणायची नाही. काच गळ्यातल्या स्कार्फात गुंडाळून निघून जायची. तोच तिचा होकार.

आज तिनं खुर्ची ओढली, काच घेतली, उजेडात धरली. अंगठा निघाला. पहिल्याच वितीत पांढुरक्यापाशी तो थांबला. तिथं बराच वेळ राहिला. मग पुढं गेला, चढण, खांदा, दोन दाते, उतार, आणि दुसऱ्या टोकाला परत थांबला.

तिनं मान वर केली. तिची नजर एलिसेओच्या नाकातल्या नळीवर गेली, मग टाकीवर, मग पलीकडे रिकाम्या घोंगडीवर. मग प्रिस्काकडे. प्रिस्काचे ओठ रबराच्या कडेनं लाल झाले होते.

“छान झालीये,” लोइस म्हणाली.

कॉलिननं सुटकेचा श्वास टाकला. “सुंदर! खरंच सुंदर, मिस्टर अर्मीहो. टोकांना जरा धुरकट दिसतंय, पण अंधारात कोणाला कळणार आहे?” त्यानं खोका उघडून आतला कापूस सारखा करायला घेतला.

एलिसेओला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. एकतीस वर्षं या बाईनं त्याला शिव्याही अपुऱ्या पडाव्यात इतकं छळलं, आणि तो ते मिरवत आला. गावात सांगायचा, तिला माझ्याखेरीज कोणाचं चालत नाही, कारण तिला काहीच चालत नाही. आज तिला चालत होतं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवावा तसं ती ‘छान’ म्हणाली होती.

“लोइस,” तो म्हणाला. पुढचं यायला वेळ लागला. “नीट बघ.”

“बघितलं.”

“ती पांढरी पडलीये.”

“बघितलं म्हटलं ना.”

“मग म्हण की.”

तिनं काच मांडीवर ठेवली. कॉलिनचे हात कापसात थांबले.

“एलिसेओ, नको,” प्रिस्का हळूच म्हणाली.

“मला सरळ म्हण,” एलिसेओ म्हणाला. “नेहमी म्हणतेस तसं. माझी कीव करायला डॉक्टर आहेत, पाद्री आहे, गल्लीभर लोक आहेत. तुला नाही बोलावलं त्यासाठी.”

लोइस खिडकीबाहेर बघू लागली. काच तिच्या मांडीवर आडवी होती आणि तिचा अंगठा त्या पांढुरक्यावर नकळत पुढं-मागं होत होता. ती काच खोक्यात गेली तर सप्टेंबरात तिची रेघ लागणार होती, लोक बाकावर बसणार होते, आणि ती जिवंतपणी ते बघणार होती. तिचा एक हात गळ्यातल्या स्कार्फाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. एवढ्या वर्षांत एलिसेओनं तो असा अडलेला पाहिला नव्हता.

तिनं काच उचलली आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवली.

“पुन्हा,” ती म्हणाली.

“बरं,” एलिसेओ म्हणाला.

त्यानं ती ओढून जवळ घेतली, आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला. प्रिस्का भिंतीकडे तोंड करून उभी होती.

कॉलिन एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. “पण... मिस्टर अर्मीहो, काच आहे का अजून तुमच्याकडे?”

एलिसेओनं रिकाम्या घोंगडीकडे बघितलं. लोइस काठीवर भार देऊन उठली, दाराकडे वळली.

“म्हणजे मी न्यायला कधी येऊ?” कॉलिननं विचारलं.

“झालं की तो फोन करतो,” लोइस म्हणाली. “नेहमी करतो.”